शेताचे स्थानिक नाव

वेबपानाच्या मार्कअपमध्ये स्वतःच्या मनाने मेटाडेटा लिहीत बसू नका, असा सल्ला हल्ली वेबसाइटच्या कामात मुरलेली मंडळीही देतात. पानावरचा मजकूर वाचणाऱ्याला कळला म्हणजे पुरे, यंत्रांनाही आता साधी वाक्यं कळू लागली आहेत, सर्च इंजिनांना लागतात तेवढ्या ठरावीक खुणा घाला आणि मोकळे व्हा. तुम्ही घरी घडवलेल्या खुणा वाचणार कोण? हे म्हणणं मी ज्यांच्या हाताखाली काम शिकलो त्यांच्या तोंडूनही ऐकलं आहे, आणि तरी ते मला साफ चुकीचं वाटतं. शहरातल्या एखाद्या हॉटेलच्या पानापुरतं ते चालेल. मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याविषयीच्या पानाला ते लावून बघा. गाव पानावर असून सापडत नाही.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पडद्यावर दिसणाऱ्या मजकुराभोवती एचटीएमएलच्या खुणा असतात: हा मथळा, हा परिच्छेद, हा तक्त्यातला रकाना. या खुणांच्या आत आणखी माहिती लिहिता येते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण पानासोबत जाते. तक्त्यात नुसता ‘३’ दिसतो. खुणेत लिहिता येतं की हे तीन म्हणजे टँकरच्या खेपा, या पाड्याच्या, या तारखेच्या. पूर्वी लोक अशी माहिती आडवाटेने कोंबायचे, क्लासच्या नावात नाहीतर टायटलमध्ये. ऑक्टोबर २०१४ मध्ये एचटीएमएल ५ प्रमाण म्हणून जाहीर झालं आणि ‘डेटा-’ या उपसर्गाने सुरू होणाऱ्या खुणा ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे बनवाव्यात, ही गोष्ट रीतसर झाली. उपसर्ग तेवढा रोमन अक्षरांत लिहावा लागतो. त्यापुढचं नाव देवनागरीत चालतं, हे फार थोड्यांना माहीत आहे. ‘डेटा-पाडा’ यातला पाडा देवनागरीतच लिहा. ब्राउझर तो घेतो, स्टाइलशीट त्यावरून ओळीचा रंग बदलते, जावास्क्रिप्ट तो वाचते. आपला शब्द आपल्या लिपीत ठेवायची मुभा असताना तो ठेवू नका, हा सल्ला मी कसा मानू?

पोशेरा हेच नाव घ्या. मराठीत गावाचं नाव वाक्यात जसंच्या तसं फार कमी वेळा येतं. आपण पोशेऱ्याला जातो, पोशेऱ्यात राहतो, पोशेऱ्याहून निघतो, पोशेऱ्याची शाळा म्हणतो. एका परिच्छेदात गाव पाच वेळा येतं आणि ‘पोशेरा’ ही तीन अक्षरं एकदाही येत नाहीत. अक्षराला अक्षर जुळवून शोधणाऱ्या यंत्राच्या लेखी त्या परिच्छेदात पोशेरा नाहीच. त्या ‘ऱ्या’चीही एक रीत नाही. कुणी ‘पोशेऱ्यात’ हा शब्द नुक्त्याच्या ऱ ने टाइप करतं, कुणी ‘पोशेर्‍यात’ असा, साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडवर्ण देऊन. डोळ्यांना दोन्ही एकच. संगणकाच्या पोटात ते दोन वेगळे शब्द. तिसरा कुणी घाईत ‘पोशेर्यात’ लिहितो आणि र चा रफार य च्या डोक्यावर चढतो. रोमन अक्षरांत गेलं की आणखी फाटे फुटतात. आपल्याच पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यात पोशेरी आहे, रायगडच्या कर्जत तालुक्यात पोशीर आहे. एखादा स्वर इकडचा तिकडे झाला की एका गावाची माहिती दुसऱ्याच्या दारात जाऊन पडते.

यावर उपाय साधा आहे. गावाचं मूळ नाव, तालुका आणि सरकारी गाव-क्रमांक खुणेत एकदा लिहायचा. मग मजकुरात पोशेऱ्याहून लिहा की पोशेऱ्याकडे, यंत्राला गाव सापडतं आणि माणसासाठी मराठी मराठीसारखी राहते. खूण लिहिली नाही की काय होतं, तेही मी पाहतो आहे. गाव शोधात यावं म्हणून लोक ‘पोशेरा मध्ये’, ‘पोशेरा ची शाळा’ असं लिहू लागले आहेत. खुणेत चार शब्द लिहायचा कंटाळा केला, त्याची भरपाई भाषेचं सामान्यरूप मोडून चालली आहे. मला या सगळ्या वादात सर्वांत जास्त हेच लागतं.

हे बोललं की ठरलेलं उत्तर मिळतं: त्यासाठी स्कीमा डॉट ऑर्ग आहे ना. आहे. जून २०११ मध्ये गुगल, बिंग आणि याहू यांनी मिळून ती शब्दावली काढली, पुढे यांडेक्स त्यात आलं, आणि जगभरच्या पानांना तिचा उपयोग झाला. मीही ती वापरतो. पण तिच्यात पोशेरा बसवायला गेलं की अडतं. प्रशासकीय प्रदेशाच्या पोटात तिथे देश आहे, राज्य आहे, शहर आहे, अमेरिकेतल्या धर्तीचा शाळांचा जिल्हाही आहे. गाव नाही. बोलिंगच्या अड्ड्याला, कॅसिनोला, बर्फावर घसरायच्या रिसॉर्टला स्वतंत्र नाव आहे. पत्त्यासाठी रस्ता, शहर-वस्ती, प्रांत, पिनकोड असे खण आहेत. आपला पत्ता मु., पो., ता., जि. असा उतरतो, आणि त्यातल्या ‘ता.’ला तिथे जागा नाही. दाखला, शिधापत्रिका, सातबाऱ्याची तक्रार, माणसाची निम्मी कामं तहसीलला असतात. तालुका गळला तर पत्त्यात उरतं काय?

जिल्ह्याचीही अडचण आहे, पण ती काळाची. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेच्या पानावर मोखाडा ठाणे जिल्ह्यात आहे आणि ते बरोबर आहे. आजच्या पानावर तो पालघरात आहे, तेही बरोबर आहे. ‘हा जिल्हा कोणत्या तारखेचा’ एवढं खुणेत असलं तर दोन्ही पानं एकमेकांशी भांडत नाहीत.

खरा प्रश्न पाड्याचा. जव्हार-मोखाड्यात गाव एका जागी दाटीने वसलेलं नसतं. ते पाड्यापाड्यांत पांगलेलं असतं, मध्ये ओहोळ, चढण, रान. पावसाळाभर पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात त्याच पाड्यांना टँकर लागतो. टँकर गावाला येतो असं आपण म्हणतो, तो येतो पाड्याला. नर्सबाई लस टोचायला पाड्यावर जाते. अंगणवाडी एका पाड्याला असते, दुसऱ्याला नसते. कायद्याने ही गोष्ट ओळखली आहे. १९९६ चा पेसा कायदा गाव म्हणजे काय हे सांगताना वस्ती, वस्त्यांचा समूह, पाडा, पाड्यांचा समूह असं म्हणतो, आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांत पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करून घेण्याची रीत दिलेली आहे. वेबपानांत मात्र पाड्याला ठिकाण नाही. केंद्राची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी महसुली गावाला आणि ग्रामपंचायतीला क्रमांक देते, पाड्याला देत नाही. पाणीपुरवठ्याच्या कामात वस्तीला वेगळा क्रमांक असतो, पण तो त्या खात्याच्या प्रणालीत राहतो, आरोग्याच्या पानाला त्याची खबर नसते. नुसत्या नावावरही भागत नाही. पाटीलपाडा म्हटलं तर या जिल्ह्यात तो कितीतरी गावांत निघेल.

या भागातला एक तक्ता मी फार जवळून पाहिला. कोणत्या कार्यालयाचा ते सांगायचं कारण नाही, असे तक्ते सगळीकडेच निघतात. पहिल्या रकान्यात गावाचं नाव, पुढे कंस, कंसात स्वल्पविराम देऊन तीन पाडे. दुसऱ्या रकान्यात लोकसंख्या, तिघांची मिळून एकच. तिसऱ्यात खेपा: ३. आता हे तीन म्हणजे पाड्याला एकेक, की प्रत्येक पाड्याला तीन, की एकाच पाड्याला तिन्ही? तक्ता करणाऱ्याला माहीत होतं. टँकरवाल्याला माहीत होतं. पान वाचणाऱ्याला ते कळायला काही मार्ग नव्हता, मग तो वाचणारा माणूस असो की यंत्र. मी तो तक्ता नव्याने लिहायला घेतला. प्रत्येक पाड्याची वेगळी ओळ केली आणि ओळीच्या खुणेत पाडा, महसुली गाव, गावाचा क्रमांक, तारीख असं लिहीत गेलो. खेपांच्या खुणेशी हात थांबला, कारण काय लिहायचं तेच माहीत नव्हतं. फोन करावे लागले. नुसता मजकूर लिहिताना कंस आणि स्वल्पविराम देऊन जे झाकता येतं, ते खूण लिहिताना झाकता येत नाही. विचारावंच लागतं.

या खुणा वाचणार कोण, याचं उत्तरही त्याच संध्याकाळी मिळालं. पहिला वाचक ते पानच होतं. वर पाड्यांची यादी दिली, पाडा निवडला की त्याच्याच ओळी उरतात, आठवड्याची बेरीज खाली येते. त्यासाठी जावास्क्रिप्टच्या जेमतेम दहा ओळी लागल्या. ‘डेटा-’ खुणा ज्या त्या साइटच्या आपल्या कामासाठी आहेत, बाहेरच्या प्रोग्रॅमने त्यांच्यावर विसंबू नये, असं प्रमाणातच म्हटलेलं आहे, आणि सल्ला देणारे ते माझ्याविरुद्ध पुढे करतात. मला ते मान्य आहे. बाहेरच्यांसाठी मायक्रोडेटा आहे, जेसन-एलडी आहे, आणि खुद्द स्कीमा डॉट ऑर्गने ठिकाणाला जास्तीचा गुणधर्म जोडायची, नाव आणि मूल्य अशी जोडी ठेवायची सोय केलेली आहे. म्हणजे ज्यांनी ठरावीक खण आखले त्यांनीच बाहेरच्या शब्दांसाठी दार ठेवलं. तिथून पाडा आत नेता येतो.

या सल्ल्यामागे एक जुना लेख आहे, आणि तो टाकाऊ नाही. कोरी डॉक्टरो यांनी २००१ मध्ये ‘मेटाक्रॅप’ या नावाने तो लिहिला. मेटाडेटाच्या भरवशावर जगाची माहिती नीट लागेल हे दिवास्वप्न आहे, असा त्याचा रोख. का? तर माणसं खोटं लिहितात, आळस करतात, चुका करतात. स्वतःविषयी त्यांना धड सांगता येत नाही. वर्गीकरणाचे खण तटस्थ नसतात. माप ठरलं की लोक त्या मापासाठी वागू लागतात. आणि एकच वस्तू अनेक तऱ्हांनी सांगता येते. यातलं खोट्याचं भाकीत खरं ठरलेलं सगळ्यांनी पाहिलं. कीवर्डच्या मेटा टॅगमध्ये लोकांनी पानाशी संबंध नसलेले शब्द इतके भरले की सप्टेंबर २००९ मध्ये गुगलने जाहीर सांगितलं, क्रमवारीसाठी आम्ही तो टॅग बघत नाही.

पण ते खोटं वरचा क्रमांक मिळवायला लिहिलेलं होतं. पाड्याच्या नावाने शोधात पहिला क्रमांक कुणाला मिळवायचा आहे? टँकरच्या खेपांतही खोटं होऊ शकतं, हे मला माहीत आहे. ते खोटं पाड्याच्या नावानिशी, तारखेनिशी लिहिलेलं असलं तर पाड्यावरची बाई ते पकडू शकते: त्या दिवशी आमच्याकडे टँकर आलाच नव्हता. गावाच्या नावाखाली मोघम ‘३’ लिहिलेला असला तर कुणालाच काही पकडता येत नाही. नेमकी खूण खोट्याला अडचणीची असते.

आळसाचा मुद्दा मला सातबाऱ्याकडे नेतो. गाव नमुना सातवर एक रकाना आहे: शेताचे स्थानिक नाव. शेतकऱ्याच्या तोंडी गट क्रमांक नसतो. तो कातळाचं म्हणतो, आंब्याखालचं म्हणतो, हे ओळखून कुणीतरी छापील नमुन्यातच त्या नावाला जागा ठेवली. त्याच नमुन्यावर ‘इतर हक्क’ आहे. कूळ, बोजा, विहिरीतला हिस्सा, आखलेल्या खणांत न मावणारं सगळं तिथे जातं. त्या रकान्यातल्या एका ओळीवर माणसांचा जमिनीवरचा हक्क उभा राहिला आहे. बारा नंबरला ‘शेरा’ आहे. महसूल खात्याने कागदावर जे केलं तेच मी वेबपानात मागतो आहे. स्थानिक नावाचा रकाना पुष्कळ सातबाऱ्यांवर कोरा दिसतो, हे खरं आहे. म्हणून तो छापूच नका असं कुणी म्हटलं नाही. कोरा रकाना निदान सांगतो की इथे काही विचारायचं राहून गेलं आहे.

आणि खण तटस्थ नसतात, हा डॉक्टरोंचा मुद्दा तर मी माझ्या बाजूचा धरतो. स्की रिसॉर्टला नाव आणि गावाला नाही, हे खण कुठे बसून आखले गेले ते त्यांच्याकडे पाहूनच कळतं. म्हणून तर आपले खण आपण आखायचे. एकाच वस्तूची अनेक नावं असतात, तर ती सगळी लिहायची. जव्हार-मोखाड्यात नागली म्हणतात, खाली कोकणात नाचणी, दुकानातल्या पाकिटावर रागी. पानावर ठळक नागली असावं आणि बाकीची दोन खुणेत असावीत. रागी शोधणाऱ्याला पान मिळेल आणि नागली पिकवणाऱ्याला पान आपलं वाटेल.

आता सगळ्यात लहान खूण. ती घरी घडवलेली नाही, जगमान्य आहे, आणि तरीही आपल्याकडे सर्रास चुकते. पान कोणत्या भाषेत आहे हे सांगणारी. मराठी पानांवर ती इंग्रजीची राहून गेलेली असते, कारण साचा तसा आला होता, किंवा हिंदीची, कारण कुणाला तरी देवनागरी म्हणजे हिंदी वाटली. डोळस माणसाला फरक कळत नाही. स्क्रीन रीडर लावून ऐकणाऱ्याला कळतो. खूण हिंदीची असली की वाचणारा आवाज हिंदी होतो, आणि आकडे हिंदीत येतात. एकोणचाळीसचं उनतालीस होतं, एकोणसाठचं उनसठ. ‘चूल’ मधला च बदलतो, ळ अडखळतो. ज्याला मराठीच येते अशा आंधळ्या माणसाला टँकरची वेळ त्या आवाजात कशी कळावी? मराठीची खूण असली तर काही फाँट अक्षरंही आपली काढतात, पाकळीचा ल आणि देठाचा श. पोशेऱ्यातला श त्यातलाच आहे. वारलीलाही आंतरराष्ट्रीय यादीत स्वतःची तीन अक्षरी खूण आहे. वारलीतलं गाणं पानावर द्यायचं तर तेवढ्या ओळींवर ती लावता येते. नाही लावली तर यंत्र त्या ओळींना अशुद्ध मराठी समजतं आणि त्यांच्याखाली लाल रेघा ओढतं.

लपलेली खूण नुकसानही करू शकते, हे मी मान्य करतो. २००८ मध्ये बीबीसीने आपल्या कार्यक्रमांच्या पानांवरून एका प्रकारचा मायक्रोफॉरमॅट काढून टाकला. तारीख-वेळ यंत्रासाठी ज्या ठिकाणी लिहिली होती, ते ठिकाण काही स्क्रीन रीडर मोठ्याने वाचत होते, आणि ऐकणाऱ्याच्या कानावर वेळेऐवजी आकड्यांची लांबलचक माळ पडत होती. बीबीसीने योग्य केलं. पुढे एचटीएमएलमध्ये तारीख-वेळेसाठी वेगळी खूण आली, जिच्यात माणसाचं माणसाला आणि यंत्राचं यंत्राला मिळतं. चूक खुणेच्या जागेत होती. ती दुरुस्त झाली आणि खुणा राहिल्या.

उरला आजचा मोठा युक्तिवाद: यंत्र आता सगळं समजून घेतं. यंत्र अंदाज करतं. चांगला करतं, मी नाकारत नाही. पण अंदाज त्याने वाचलेल्या मजकुरावरून बांधला जातो, आणि पोशेऱ्याविषयी जगात मजकूर किती आहे? जिथे थोडा आहे तिथे अंदाज शेजारच्या मोठ्या नावाकडे झुकतो. जव्हारचं रोमन रूप त्याने परत देवनागरीत आणलं की ‘जवाहर’ होऊन आलेलं मी पाहिलं आहे. बरं, आपल्याकडचा कितीतरी जुना मजकूर युनिकोडच्या आधीच्या फाँटांत पडून आहे. तो फाँट नसला की पानावर रोमन अक्षरांचा नुसता गोंधळ दिसतो. त्यातून समजून काय घ्यायचं? पाड्यावरच्या माणसाने सांगितलेली गोष्ट खुणेत लिहिली, तर ती साक्ष असते. तिच्यावर नाव असतं, तारीख असते, चुकली तर कुठे दुरुस्त करायची ते ठाऊक असतं. अंदाज चुकला तर कुणाकडे जायचं?

तो टँकरचा जुना तक्ता, कंस आणि स्वल्पविरामांसकट, मी यंत्रालाही दिला होता. विचारलं, तीन खेपा कुणाच्या? त्याने क्षणात उत्तर दिलं: तीन पाडे, तीन खेपा, प्रत्येकी एक. कुणालाही पटावं असं उत्तर होतं. फोनवर कळलं ते वेगळंच. तिन्ही खेपा रस्त्यालगतच्या पाड्याच्या विहिरीत ओतल्या जात होत्या. बाकीच्या दोन पाड्यांपर्यंत टँकर चढत नव्हता, तिथल्या बाया हंडे घेऊन खाली येत होत्या. त्या दोन ओळींत मी खेपा शून्य लिहिल्या, आणि खुणेत विहीर कोणत्या पाड्याची ते.